अणुभट्टी थांबते, तिची उष्णता थांबत नाही

जपानमधल्या काशिवाझाकी-कारिवा या जगातल्या सर्वांत मोठ्या अणुऊर्जा केंद्राची सहा क्रमांकाची भट्टी जानेवारी २०२६मध्ये पुन्हा सुरू झाली. चालवणारी कंपनी टेपको, म्हणजे २०११च्या अणुअपघातातल्या फुकुशिमा केंद्राचीच. यावर पुण्यातल्या गप्पांत हमखास ऐकू येणारं वाक्य असं: "काही झालंच तर भट्टी बंद करतील की!"

फुकुशिमात भट्ट्या बंदच झाल्या होत्या. ११ मार्च २०११ला धरणी हादरताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्यांत नियंत्रक सळया आपोआप शिरल्या आणि विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी तुटली. पण तोवर युरेनियम फुटून आयोडीन, सीझियम, स्ट्रॉन्शियम यांची अस्थिर अणुकेंद्रकं इंधनात साचलेली असतात. ती आपापल्या गतीनं क्षय पावत उष्णता देतात आणि त्यांना थांबवणारी कोणतीही सळई नाही. भट्टी थांबते त्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभरानं दीडेक टक्का, दिवसभरानं अर्धा टक्का. अर्धा टक्का किरकोळ वाटतो. फुकुशिमाची पहिली भट्टी १,३८० मेगावॅट उष्णतेची होती. तिचा अर्धा टक्का म्हणजे सुमारे सात मेगावॅट, आणि एवढ्या उष्णतेत दर तासाला सुमारे दहा हजार लिटर पाण्याची वाफ होते. आपल्या सोसायट्यांत येणारा एक मोठा टँकर, दर तासाला, रात्रंदिवस!

त्सुनामीनं डिझेल जनित्रं बुडवली, पंप थांबले, पाणी आटलं. उघड्या पडलेल्या इंधनकांड्यांचं झिर्कोनियम या धातूचं आवरण तापून वाफेतला ऑक्सिजन ओढू लागलं, हायड्रोजन सुटला आणि त्याचा स्फोट झाला. तो अणुबॉम्ब नव्हता. पॅसिफिकभर पसरलेला किरणोत्सार म्हणून अजूनही फिरणारा लाल-जांभळा नकाशाही खोटा आहे. तो त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा आहे.

काशिवाझाकीची ही भट्टी २०१२पासून बंद होती. इतक्या वर्षांत अल्पायुषी केंद्रकं संपून गेली होती. आठ दिवसांत निम्मं होणारं आयोडीन-१३१ तर कधीच. भट्टी सुरू झाली की हा साठा नव्यानं तयार होतो आणि बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचा धोका परत येतो. पुन्हा सुरू करण्यातली खरी जोखीम ही आहे. मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही, पण हा मुद्दा लोकांपुढे मांडल्याशिवाय मिळवलेली संमती मला अपुरी वाटते.

जपानी कायदा प्रांताच्या राज्यपालांची संमती मागत नाही, प्रथा मागते. हे केंद्र ज्या प्रांतात आहे त्या निइगाताच्या राज्यपालांनी ती नोव्हेंबर २०२५मध्ये दिली. केंद्रापासून ३० किलोमीटरच्या आत चार लाखांहून अधिक लोक राहतात, हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतं, आणि वीज मात्र जाते टोकियोकडे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला सुमारे दहा हजार मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प योजलेला आहे. त्याचा वाद पुण्यात वीज हवी की मासे, एवढ्यावरच संपतो. भट्टीला पाणी देणारे पंप सगळी वीज गेल्यावर किती तास चालतील, आणि जुलैच्या पावसात घाटात दरड कोसळली असताना गावं कोणत्या रस्त्यानं बाहेर काढणार, हे दोन प्रश्न वीज वापरणाऱ्या आपणही विचारायला हवेत.