बाथरूममधला बेडूक आला कुठून?

पाऊस सुरू झाला की गोरेगाव-बोरिवलीत, जंगलाला लागून असलेल्या इमारतींमध्ये एक आरोळी ठरलेली: "अगं, बाथरूममध्ये बेडूक!" गिझरमागे पाय पोटाशी घेऊन, भिंतीच्याच रंगाचा होऊन तो बसलेला असतो. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, म्हणून गुळगुळीत टाइलवरही घसरत नाही. रंग फिकट ते तपकिरी असा बदलतो, त्यामुळे काल पाहिलेला तो हाच का, असा प्रश्न पडतो.

हा झाडबेडूक. जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1830 मध्ये त्याला 'हायला मॅक्युलाटा' म्हटलं. मॅक्युलाटा म्हणजे ठिपकेवाला. पुढे तो बराच काळ 'ऱ्हॅकोफोरस' या गटात होता, आज 'पॉलिपिडेटस मॅक्युलेटस' आहे. साहेबांच्या बोलण्यातलं नाव मात्र 'चुनाम फ्रॉग'. चुनाम म्हणजे आपला चुनाच. चुन्याच्या भिंतींवर हा बसायचा, म्हणून ते नाव. म्हणजे घरात शिरायची खोड आजची नाही, टॉवरच्या फार आधीची आहे.

त्याला तळं लागतंच असं नाही. साचलेलं पाणी आणि त्यावर लोंबणारं काहीतरी हवं: फांदी, विहिरीची कड, पिंपाचा काठ. मादी पाठीवर नराला घेऊन तिथे चढते, अंगातून पाझरलेला द्रव मागच्या पायांनी ताक घुसळावं तसा घुसळते आणि त्या फेसात अंडी घालते. फेस वरून सुकतो, आत ओल टिकते. काही दिवसांनी पिल्लं थेंबासारखी खालच्या पाण्यात टपकतात.

या विहिरींचंच मुंबईत पुढे काय झालं? 1911 मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या मलेरियावर अहवाल दिला आणि बोट विहिरींकडे दाखवलं. त्यानंतर कित्येक विहिरी झाकल्या गेल्या, कित्येक बुजवल्या. धार्मिक भावनेपोटी काहींनी विरोधही केला. बेडकाची बाजू अर्थातच कोणी मांडली नाही. पण त्याच्या हक्काच्या जागा त्यात गेल्या असणार, असं मला वाटतं. उरली पिंपं. तीही आता डेंग्यूमुळे आठवड्यातून एकदा उपडी करायची असतात, आणि ते करायलाच हवं. पिल्लांची शेपटी जिरून बेडूक व्हायला मात्र कित्येक आठवडे लागतात.

आमच्या गच्चीत गेल्या जुलैत पिंपावरच्या निळ्या ताडपत्रीला असाच पिवळसर फेस चिकटला होता. शेजारच्या काकूंनी साबणाचा समजून पुसून टाकला.