सगळं पुसायचा अधिकार कोणाकडे आहे?

१७ जून २०१४ रोजी कोड स्पेसेस या छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा मारा सुरू झाला. प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळून ठेवणं हा तिचा धंदा, आणि तो चालायचा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर. असे मारे तिला नवे नव्हते. या वेळी मात्र खंडणीचा निरोप अ‍ॅमेझॉनच्या कंट्रोल पॅनेलमध्येच ठेवलेला सापडला. म्हणजे निरोप ठेवणारा आत शिरलेला होता. कंपनीनं घाईघाईनं पासवर्ड बदलले, पण त्यानं स्वतःसाठी जादा लॉगिन आधीच तयार करून ठेवली होती. आपल्याला बाहेर काढताहेत हे दिसताच तो डिस्क आणि त्यांच्या प्रती पुसत सुटला. बारा तासांत बहुतेक डेटा गेला. ‘दुसरीकडे ठेवलेत’ असं कंपनी ज्यांच्याबद्दल सांगायची, ते बॅकअपही कमीअधिक प्रमाणात गेले. कंपनी बंद पडली.

यात अ‍ॅमेझॉनचं कुलूप कोणी फोडलं नव्हतं. क्लाउड कंपनी इमारत, वीज, डिस्क आणि नेटवर्क सांभाळते. कोणाला आत घ्यायचं, कोणती फाइल जगाला उघडी ठेवायची आणि पुसायची मुभा कोणाला द्यायची, हे ग्राहकानं ठरवायचं असतं. ही वाटणी करारात स्पष्ट लिहिलेली असते, फक्त ती कोणी वाचत नाही. ‘क्लाउड सुरक्षित असतो का हो?’ हा दुकानदारांचा आवडता प्रश्न मला म्हणूनच अर्धवट वाटतो. विचारायचं ते हे, की आपलं सगळं एका झटक्यात पुसू शकेल असं लॉगिन कोणाच्या हातात आहे? कित्येक छोट्या कार्यालयांत ते मालक, अकाउंटंट आणि ‘कॉम्प्युटरवाला मुलगा’ या तिघांत मिळून एकच असतं, आणि त्यातला एक जण केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

नुसता पासवर्ड ही तशी दुबळी गोष्ट. तो एकदा कळला की कुठूनही चालतो. त्यावरचा उपाय म्हणजे पासवर्डनंतर टाकायचे, फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले सहा आकडे. हे आकडे कुठून पाठवलेले नसतात. अ‍ॅप जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त मजकूर असतो. तो फोन आणि सर्व्हर दोघांकडे राहतो. मग दोघंही १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले ते मोजतात, त्याला ३० नं भागतात, येणारी पूर्ण संख्या त्या गुप्त मजकुरासोबत एका गणिती क्रियेत घालतात आणि उत्तरातून सहा आकडे काढतात. ही क्रिया एकाच दिशेनं सोपी आहे. आकड्यांवरून मूळ मजकूर शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. वेळ सारखी, मजकूर सारखा, म्हणून दोन्हीकडे आकडेही सारखेच येतात. फोनला रेंज नसली तरी अ‍ॅप चालतं ते यामुळेच. एसएमएसनं येणाऱ्या ओटीपीचं तसं नाही. तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढून घेतलं, तर तो ओटीपी त्याच्याकडे जातो.

या सहा आकड्यांनाही फसवता येतं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर तुम्ही ते टाकले, तर पलीकडचा ते ३० सेकंदांच्या आत खऱ्या पानावर वापरतो. पासवर्डऐवजी वापरायच्या पास-कीमध्ये ही फट बुजवली आहे. तिथे गुप्त किल्ली कोणत्याही पानात टाईप करायची नसतेच, तिनं केलेली डिजिटल सही तेवढी बाहेर जाते, आणि ही किल्ली वेबसाइटच्या नेमक्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी फोन सहीच करत नाही. माणसाच्या नजरेतून जे सुटतं ते इथे यंत्र पकडतं. सगळं पुसू शकणाऱ्या अ‍ॅडमिन लॉगिनला तरी पास-की लावाच, बाकीच्यांचं सावकाश बघता येईल.

बॅकअपची गोष्ट वेगळी. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथलं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत खाक झालं. बाती कुर्ताज नावाच्या तिच्या एका ग्राहक कंपनीनं बॅकअप सेवा पैसे मोजून घेतली होती. आग लागल्यावर कळलं, की मूळ डेटा आणि त्याची प्रत एकाच इमारतीत होती. २०२३ मध्ये न्यायालयानं भरपाई द्यायला लावली, पण डेटा काही परत आला नाही. कोड स्पेसेसला एकाच किल्लीनं बुडवलं, तर इथे एकाच छपरानं.

म्हणून एक तरी प्रत वेगळ्या शहरात आणि वेगळ्या लॉगिनखाली हवी. हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांना त्याचा बॅकअप रोज भारतातल्याच सर्व्हरवर घ्यावा लागतो, असा २०२२ पासून नियम आहे. त्याची अडचण होत नाही. अ‍ॅमेझॉनची केंद्रं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहेत, तर मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून पुण्यात आणि चेन्नईत आहे. शिवाय ‘ऑब्जेक्ट लॉक’ नावाची एक सोय मिळते. ठरवलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत पुसता येत नाही. अ‍ॅमेझॉनवर याचा सर्वांत कडक प्रकार निवडला, तर खुद्द मुख्य अ‍ॅडमिनलाही पुसता येत नाही. चोरानं सगळे पासवर्ड पळवले तरी तिथे त्याचा हात पोचत नाही. मात्र मुदत जपून टाका. तीस दिवसांऐवजी तीस वर्षं पडली, तर बिलही तीस वर्षं येत राहील.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं एक मोठं बस्तान गूगलकडच्या चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेला डेटा एकदमच गेला, कारण दोन्ही ठिकाणं एकाच सबस्क्रिप्शनखाली होती. वाचवलं ते त्यापासून वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपनं. तो परत बसवायलाही कित्येक दिवस लागले.

या दिवसांचा अंदाज आधी घेता येतो. मागच्या वर्षाचा एक पूर्ण महिना निवडा आणि तुमच्या माणसाला तो कोऱ्या लॅपटॉपवर, मूळ खात्याला हात न लावता, फक्त बॅकअपमधून उभा करायला सांगा. बिलं, जीएसटीचे तक्ते, ग्राहकांची येणी, सगळं. कुठला पासवर्ड कोणाच्या फोनवर अडकलाय, हे पहिल्या तासाभरातच कळतं.