'लवचीक' म्हणजे स्थितिस्थापक की तन्य?

"स्टील लवचीक असतं, म्हणून भूकंपात स्टीलची इमारत डोलते आणि पुन्हा सरळ होते." हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. त्या एका 'लवचीक'मध्ये दोन वेगळे गुण कोंबलेत. इमारतीला कोसळू न देणारा गुण तिला सरळ करत नाही.

स्थितिस्थापकता सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे: भार काढला की मूळ आकार परत. घोळ होतो तो तन्यतेचा.

कागदाला लावायची तारेची क्लिप घ्या. जराशी उघडून सोडली की मिटते. पूर्ण उघडली तर तुटत नाही, पण उघडीच राहते, ही तन्यता. आता ती भराभर पुढेमागे वाकवा आणि वाकलेल्या जागी बोट लावा. गरम लागेल. भूकंपाची ऊर्जा स्टीलमध्ये अशीच जिरते. बांधकामातल्या साध्या स्टीलची 1 मीटर पट्टी साधारण सव्वा मिलिमीटर ताणेपर्यंत परत येते. त्यापुढे ती यील्ड होते आणि लांबलेलीच राहते. मोठ्या धक्क्यात बीमची टोकं यील्ड व्हावीत, कॉलम नव्हे, अशी रचना आपण मुद्दाम करतो.

अर्थात स्टील तन्य असून भागत नाही, सांधाही तसा लागतो. 17 जानेवारी 1994 ला लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज भूकंपात अनेक स्टील फ्रेममध्ये बीम-कॉलमच्या वेल्डना ठिसूळ तडे गेले, बहुतेक बीमच्या खालच्या फ्लँजपाशी (फ्लँज म्हणजे I आकाराच्या बीमची वरची किंवा खालची आडवी पट्टी). त्यानंतर कॉलमपासून थोडं अंतर सोडून बीमची फ्लँज कापून अरुंद करायची पद्धत रुळली, म्हणजे यील्ड तिथे होतं आणि वेल्ड वाचतो. मला हा उपाय मनापासून आवडतो.

पण बीम यील्ड झाले की माणसं वाचली तरी इमारत कललेली राहू शकते. हा उरलेला कल मजल्याच्या उंचीच्या अर्ध्या टक्क्यापलीकडे, म्हणजे 3 मीटरला 15 मिलिमीटरपलीकडे गेला, की दुरुस्तीपेक्षा पाडून नव्याने बांधणं स्वस्त पडतं, असं जपानमधल्या अभ्यासातून दिसलं.

म्हणूनच "बकलिंग-रिस्ट्रेन्ड ब्रेस लावले, आता इमारत सावरेल" हे मला पटत नाही. ब्रेस म्हणजे फ्रेममधला तिरका आधार. या प्रकारात त्याचा स्टीलचा गाभा दाबाखाली बाहेर वाकत नाही, एवढंच. यील्ड तो होतोच, आणि कल उरतो.

सावरायचं असेल तर दोन्ही गुणांना वेगवेगळी कामं द्यावी लागतात. ताणून बसवलेल्या केबल बीमला कॉलमशी आवळून धरतात. धक्क्यात सांध्यात फट पडते आणि केबल ती पुन्हा मिटवतात. केबल यील्ड होऊ द्यायच्याच नाहीत. ऊर्जा जिरवायला बोल्टने जोडलेले, बदलता येतील असे तुकडे ठेवायचे. कोणता तुकडा यील्ड होणार आणि तो नंतर बदलता येईल का, हे ड्रॉइंगवर दिसत नसेल, तर मी त्या इमारतीला सावरणारी म्हणत नाही.