पिंजऱ्यातले तेच ते: कुरतडणाऱ्या प्राण्यांचा मेंदू आणि पुनरावृत्त वर्तन

जर्बिल हा कोरड्या प्रदेशात बिळे करून राहणारा प्राणी पिंजऱ्यात वाढला, की कोपऱ्यात तोंड खुपसून पुढच्या पायांनी सतत उकरत राहतो. तिथे माती नसते, खड्डाही पडत नाही, तरी उकरणे चालूच राहते. उकरायला काही मिळत नाही म्हणून तो असे करतो, असे कुणालाही वाटेल. पण संशोधक वीडेनमायर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हा तर्क टिकला नाही. केवळ वाळू दिलेल्या पिल्लांना ही खोड लागलीच. बोगद्यातून आत जाता येईल असे आयते बीळ मिळालेल्यांना मात्र ती लागली नाही. जर्बिलला उकरायचे नव्हते, त्याला बिळात शिरायचे होते.

उत्तर अमेरिकेतील डीअर माऊस या उंदराचे वर्तन याहून थक्क करणारे आहे. लहान पिंजऱ्यात तो एकाच जागी उलट्या कोलांट्या मारतो किंवा ठरावीक रेषेत धावत राहतो. फ्लोरिडा विद्यापीठातील मार्क लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागाचा बारकाईने अभ्यास केला आहे. हालचाल सुरू करणे आणि आवरणे यांत या भागाचा मोठा वाटा असतो. तिथून दोन मार्ग निघतात: थेट मार्ग हालचालीला वाट देतो, तर अप्रत्यक्ष मार्ग ब्रेकसारखा तिला रोखतो. डोपामिन हे रसायन डी-१ ग्राहींद्वारे (ग्राही म्हणजे पेशीवरील, रसायनाचा संदेश टिपणारे रेणू) पहिल्या मार्गाला चेतवते आणि डी-२ ग्राहींद्वारे दुसऱ्याला शांत करते. अप्रत्यक्ष मार्गातील पेशींमध्ये एन्केफलिन हे प्रथिनासारखे छोटे रेणू तयार होतात, आणि जास्त कोलांट्या मारणाऱ्या उंदरांच्या स्ट्रायटममध्ये नेमके तेच कमी आढळले. म्हणजे दोष वेग वाढण्यापेक्षा ब्रेक सैल पडण्यात असावा.

स्ट्रायटममध्ये डी-१ ग्राही अडवणारे औषध थेट टोचले, की कोलांट्या कमी होतात आणि उंदराची इतर हालचाल मात्र मंदावत नाही. गुंगी आणून खोड थांबवणे आणि तिच्या मुळाशी पोहोचणे यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

तरीही औषधापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते घर बदलण्याचे प्रयोग. मोठी जागा, बोगदे, फिरते चाक आणि मधूनमधून बदलणाऱ्या वस्तू मिळाल्या, तर बऱ्याच उंदरांचे हे वर्तन कमी होते. अशा घरात राहूनही काही उंदीर कोलांट्या मारतच राहतात. चेतापेशींच्या फांद्यांवरील सूक्ष्म काट्यांची दाटी वाढणे, पेशींना पोसणारे बीडीएनएफ हे प्रथिन वाढणे, असे मेंदूतील बदल मात्र ज्यांची खोड कमी झाली त्यांच्यातच दिसले. घर नुसते प्रशस्त असून भागत नाही, त्याचा मेंदूवर परिणाम व्हावा लागतो.

हा प्रश्न केवळ पिंजऱ्यापुरता नाही. जोसेफ गार्नर आणि जॉर्जिया मेसन यांनी २००२ साली बँक व्होल या उंदरासारख्या प्राण्यांवर दाखवले, की पिंजऱ्यात तेच ते जास्त करणारे प्राणी शिकलेली कृतीही, तिचे बक्षीस बंद झाल्यावर, उशिरा सोडतात. मग अशाच उंदरांवर स्मरणशक्तीची किंवा नव्या औषधांची चाचणी घेतली, तर आपण निरोगी मेंदू मोजतो की पिंजऱ्याने वाकवलेला, असा संशय रास्त ठरतो. प्रयोगशाळांतील उंदरांच्या लहानशा पेट्यांकडे खर्चाची बाब म्हणून पाहण्याची सवय या संशोधनाने अवघड करून ठेवली आहे, विशेषतः लहानपणी समृद्ध घर मिळालेल्या डीअर माऊसमध्ये साध्या पिंजऱ्यात हलवल्यावरही हे वर्तन कमीच राहते, हे दिसल्यानंतर.