अळूच्या सुया आणि चिंचेचं श्रेय

ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात आणि त्याच सुमारास फोनवर रानभाज्यांचे तक्ते फिरू लागतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, लोत, रानअळू. प्रत्येकीपुढे चार-पाच आजारांची नावं आणि खाली ठरलेली ओळ: 'संपूर्ण नैसर्गिक, रसायनविरहित'. बाकीचं एकवेळ सोडून देऊ, पण लोत आणि रानअळूपुढे 'रसायनविरहित' लिहिणाऱ्याने त्या भाज्या कधी कच्च्या चाखलेल्या नाहीत, एवढं नक्की. कच्च्या अळूचा एक तुकडा चावला तरी घसा धरतो, जीभ टोचते, ओठ सुजतात. झाडाने स्वतःच्या बचावासाठी बनवलेलं हे रसायनच आहे, आणि तेही चांगलं टोकदार.

अळू का खाजतं असं विचारलं की शिकलेल्या घरांतून उत्तर येतं, 'त्यात ऑक्झॅलेट असतं.' मग चिंच का घालायची? 'आम्लात ते विरघळतं.' शाळेतल्या रसायनशास्त्राला धरून असल्यामुळे हे पटतंही. पण त्यातला दुसरा भाग फारसा टिकत नाही, आणि पहिला अर्धाच आहे.

अळू, सुरण, शेवळं, लोत ही सगळी एकाच कुळातली. दिवाणखान्यात शोभेला ठेवतात ते पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबाकियाही त्यातलंच. या झाडांच्या पानांत, देठांत आणि कंदांत काही पेशी वेगळ्या असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक तयार होतात, पण मिठाच्या खड्यांसारखे नव्हे, तर सुयांसारखे. इंग्रजीत त्यांना राफाइड म्हणतात. एका पेशीत अशा शेकडो सुया आगकाड्यांसारख्या एकमेकींना लागून, एकाच दिशेने रचलेल्या असतात. लांबी साधारण आपल्या केसाच्या जाडीइतकी, आणि टोकं अणकुचीदार. अळूच्या सुयांवर बारीक खाचाही असतात.

खरी गंमत पुढे आहे. यातल्या काही पेशी पानातल्या हवेच्या पोकळ्यांत डोकावत असतात आणि टोकांशी त्यांचं आवरण पातळ असतं. पेशीत सुयांभोवती एक बुळबुळीत द्रव असतो. पान चिरलं किंवा चावलं की पेशीला पाणी मिळतं, द्रव फुगतो, पातळ टोक फुटतं आणि सुया एकामागून एक बाहेर फेकल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हे घडताना दिसतं. अळू धुतल्यावर पुसून, कोरडं करून, हाताला तेल लावून चिरायची पद्धत आहे, ती यामुळे अगदी योग्य ठरते. तेलाचा थर सुया आणि कातडी यांच्या मध्ये येतो. चिरताना 'खाज' हा शब्द उच्चारायचा नाही, म्हणजे खाजत नाही, असंही काही घरांत सांगतात. अळूला कान नसतात.

पण एवढ्या बारीक सुया नुसत्या टोचल्याने घसा तासभर का धरावा? याचं सुंदर उत्तर जपानमधल्या कोतारो कोन्नो आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी किवी फळातून या सुया वेगळ्या काढल्या. (किवीही जीभ चुरचुरवतं, कारण त्यातही सुया असतात.) एरी रेशीमकिडे एरंडाची पानं खातात. काही पानांना नुसत्या सुया लावल्या, अळ्यांना विशेष काही झालं नाही. काही पानांना नुसतं प्रथिनं तोडणारं विकर, म्हणजे प्रोटिएज, लावलं, तेव्हाही जवळजवळ काही नाही. दोन्ही एकत्र लावल्यावर मात्र अळ्या मेल्या. मग सुयांऐवजी तेच कॅल्शियम ऑक्झॅलेट आकारहीन भुकटीच्या रूपात विकराबरोबर दिलं, तर परिणाम पुन्हा नगण्य! म्हणजे दोष पदार्थाचा कमी, आकाराचा जास्त. सुई भोक पाडते आणि त्या भोकातून विकर आत शिरतं. अळूवरच्या अभ्यासांतही सुयांना प्रोटिएज चिकटलेलं असल्याचं आणि ते धुऊन काढलं की सुयांचा जाच कमी होत असल्याचं दिसलं आहे.

आता चिंच. इथे जरा आकडेमोड आहे, कंटाळा असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही: लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम. आम्ल घातलं की ऑक्झॅलेट आयनांना हायड्रोजन चिकटतो, मोकळे आयन घटतात आणि स्फटिक आणखी थोडा विरघळतो. पण किती? ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा पीकेए, म्हणजे ज्या सामूला (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) निम्म्या ऑक्झॅलेट आयनांना हायड्रोजन चिकटलेला असतो तो, 4.3च्या आसपास आहे. भाजीचा सामू 3 पर्यंत उतरवला, म्हणजे खाणाऱ्याचे दात आंबतील इतकी चिंच घातली, तरी विद्राव्यता चौपट-पाचपट होते, म्हणजे लिटरमागे फार तर तीस मिलिग्रॅम. चिंचेतलं टार्टारिक आम्ल कॅल्शियमला थोडं धरून ठेवतं, ते वेगळं. अळूच्या पानांत मात्र शंभर ग्रॅममागे ऑक्झॅलेट शेकडो मिलिग्रॅमच्या घरात असतं. उकळण्याने सुयांचं काही बिघडत नाही. त्या मोडायला शेकडो अंश तापमान लागतं.

फतफत्यात सुया राहतातच. जातं ते विकर. ते प्रथिन आहे, आणि भरपूर शिजवलं की प्रथिनाची घडी उलगडते आणि काम थांबतं. फेकणाऱ्या पेशीही शिजून मऊ पडतात. आंबट पदार्थ प्रथिनाची घडी बिघडवायला मदत करतो, त्यामुळे आपल्या आज्यांची चिंच, आमसूल, आंबट चुका, गोव्यात तेऱ्यात, म्हणजे रानअळूच्या भाजीत, पडणारे आंबाडे, सगळं बरोबरच आहे, फक्त कारण वेगळं. माझ्या मते सर्वांत हुशार जोडी शेवळं-काकडाची. जूनच्या पहिल्या पावसात आदिवासी बायका ठाणे-पालघरच्या बाजारांत शेवळं विकतात, तेव्हा शेजारी काकडाची फळं असतातच. काकड आंबट आहे आणि तुरटही. तुरटपणा येतो टॅनिनमुळे, आणि टॅनिनचा स्वभावच प्रथिनांना चिकटून बसण्याचा. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा हेही त्याच बायका सांगतात. ते ऐकावं. अर्धकच्च्या सुरणाला मात्र कितीही चिंच पुरत नाही.

मूतखडा झालेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्यांना काळजी सुयांची नको, पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटची हवी, कारण रक्तात जातं ते तेच. उकळून पाणी टाकलं तर त्यातलं बरंच जातं. अळू ताकात केलं तर ताकातलं कॅल्शियम उरलेल्याला आतड्यातच बांधून ठेवतं. तरी किती खायचं ते डॉक्टरांना विचारा, तक्त्याला नको.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर अळूच्या कच्च्या देठाच्या रसाचा थेंब काचपट्टीवर ठेवून पाहा, आणि त्याशेजारी शिजलेल्या भाजीचा. सुया दोन्हीकडे सापडतील. कच्चा रस हाताळताना हाताला तेल लावा, आणि तो हात डोळ्याला लावू नका.