ड्रीमकास्टचं नेटवर्क कार्ड आणि 32 केबीची भानगड

रविवारी कोपरखैरण्याला मित्राकडे ड्रीमकास्टवर (सेगाचा जुना गेम कन्सोल) लिनक्स चढवत बसलो होतो, तेव्हा त्याला 8139 या नेटवर्क चिपच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ड्रीमकास्टचं नाव असलेला इफडेफ (ठरावीक मशीनसाठीच कोडचा तुकडा घ्यायची अट) दिसला. सगळं जग वापरतं त्या ड्रायव्हरमध्ये एका गेम कन्सोलचं काय काम, असं त्याने विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कन्सोल 1998 ला जपानमध्ये आला आणि मार्च 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तो इतिहास सगळ्यांना माहितीये. नेटवर्क कार्ड म्हणून मिळणाऱ्या ब्रॉडबँड अ‍ॅडॅप्टरमधली चिप म्हणजे आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीत सर्रास असायची तीच रिअलटेक 8139, फक्त इथे ती स्वतःची ओळख कन्सोलवाल्या कंपनीच्या आयडीने देते. पण या चिपला लागते ती पीसीतली पीसीआय बसच कन्सोलमध्ये नाही! मधे गॅप्स नावाचा ब्रिज आहे, तो कन्सोलच्या स्वतःच्या जी2 बसला लटकलेला, त्याच्यामागे एकच डिव्हाइस, आणि खरी अडचण ही की कार्डाला 16 एमबी रॅम दिसतच नाही, ब्रिजच्या आतली 32 केबी मेमरी तेवढी दिसते. कार्डाचा सगळा डीएमए (सीपीयूशिवाय थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) त्या एवढ्याशा जागेत उरकायचा.

मग वाद हा की या 32 केबीच्या अडचणीवरचा तोडगा ठेवायचा कुठे. लिनक्स कर्नल 2.4 च्या काळात एसएच आर्किटेक्चरमध्ये (ड्रीमकास्टचा सीपीयू याच घराण्यातला) प्रत्येक मशीनला डीएमए मेमरी वाटायचं स्वतःचं फंक्शन लावता यायचं, ड्रीमकास्टने तिथेच आपलं फंक्शन लावलं. 2.6 मध्ये सगळ्यांसाठी एक सोय आली, या डिव्हाइसला मेमरी फक्त इथूनच द्या असं प्लॅटफॉर्मच्या फिक्सअपमध्ये (त्या मशीनपुरत्या दुरुस्तीच्या कोडमध्ये) सांगून टाकायचं, सोबत 'एक्स्क्लुझिव्ह' फ्लॅग, म्हणजे जागा संपली तर गुपचूप रॅममधून देऊ नका. ड्रीमकास्टला हाच फ्लॅग जीव की प्राण, कारण रॅममधला पत्ता मिळाला तर कार्ड तिथे पोचणारच नाही. 2019 मध्ये फ्लॅगच काढला, कारण वापरणाऱ्या सगळ्यांना तेच वागणं हवं होतं, मग तेच डीफॉल्ट झालं.

एवढं सगळं ड्रायव्हरला हात न लावता जमलं, राहिली ती रिसीव्ह रिंग, म्हणजे आलेली पॅकेटं जिथे साठतात तो बफर. एरवी ती 32 केबीची असते, वर पॅडिंग, वर ट्रान्समिटचे चार बफर, ते 32 केबीत कसं मावणार? म्हणून इफडेफ लावून रिंग लहान केली. सामायिक ड्रायव्हरमध्ये एका मशीनचं नाव नको असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, रिंग किती मोठी हे ड्रायव्हरच ठरवतो, प्लॅटफॉर्मला ते कळायला मार्गच नाही, आणि दोन ओळींसाठी नवी यंत्रणा कशाला उभारायची.

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. 8139 ला लोक नावं ठेवायचे कारण ड्रायव्हरला प्रत्येक पॅकेट कॉपी करावं लागतं, येताना रिंगमधून बाहेर, जाताना ठरलेल्या बफरमध्ये. ड्रीमकास्टवर नेमकं तेच कामी आलं, कारण कार्डाला रॅममधल्या पॅकेटपर्यंत जावंच लागत नाही, सगळी ने-आण सीपीयू करतो. पॅकेट थेट रॅममध्ये टाकणारी एखादी भारी चिप असती तर दोन ओळींत भागलं नसतं, अख्खा ड्रायव्हर उलगडावा लागला असता.

2023 च्या सुरुवातीला अख्खं एसएच आर्किटेक्चरच लिनक्समधून काढून टाकायचा प्रस्ताव आला होता, मग एकाने देखभाल अंगावर घेतली आणि ते राहिलं. त्याच्यासोबत हा इफडेफही राहिला.