समाजवादी पक्ष (लोहिया गट), स्थापना १९५५

डॉ. राममनोहर लोहिया यांच्या नेतृत्वाखाली प्रजा समाजवादी पक्षातून फुटून निघालेला भारतीय राजकीय पक्ष. स्थापना अधिवेशन डिसेंबर १९५५ च्या अखेरीस हैदराबादला सुरू झाले. आठ-नऊ वर्षांचे आयुष्य आणि संसदेत मोजके खासदार एवढेच त्याच्या वाट्याला आले. तरी भारतीय समाजवाद्यांमधल्या फाटाफुटींत या फुटीला वेगळे महत्त्व आहे, कारण तिच्या मुळाशी एक नेमका प्रश्न होता : आपल्याच पक्षाच्या सरकारने निःशस्त्र लोकांवर गोळी चालवली, तर पक्षाने काय करायचे?

पार्श्वभूमी. १९३४ साली काँग्रेसच्या पोटात स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष १९४८ च्या नाशिक अधिवेशनात काँग्रेसमधून बाहेर पडला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवाद्यांना दहा टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, पण लोकसभेच्या जागा फक्त १२. या अपेक्षाभंगातून त्याच वर्षी आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण झाले आणि प्रजा समाजवादी पक्ष उभा राहिला. पक्ष मोठा झाला, पण दिशेबद्दल एकमत झाले नाही. १९५३ च्या बैतूल अधिवेशनात पक्षाचे नेते अशोक मेहता यांनी मांडले की मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सरकारशी सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत. काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासून सारखेच अंतर राखावे, ही लोहियांची भूमिका होती. त्याच वर्षाअखेर अलाहाबादच्या अधिवेशनात लोहिया सरचिटणीस झाले. मतभेद होता तसाच राहिला.

त्रावणकोर-कोचीनचा गोळीबार. मार्च १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये (आजच्या केरळचा मोठा भाग ज्यात होता त्या राज्यात) पट्टम थाणु पिळ्ळै यांचे प्रजा समाजवादी सरकार आले. विधानसभेत पक्षाचे १९ आमदार. सरकार उभे होते ते काँग्रेसच्या पाठिंब्यावर. राज्याच्या दक्षिण टोकाचे तमिळभाषक तालुके मद्रास राज्याला जोडावेत, यासाठी तिथे आंदोलन चालू होते. ११ ऑगस्ट १९५४ रोजी मार्तंडम परिसरात पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला आणि माणसे मेली.

लोहिया तेव्हा उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. वाढीव पाणीपट्टी भरू नका, असे शेतकऱ्यांना सांगितल्याबद्दल त्यांना अटक झाली होती. तुरुंगातूनच त्यांनी तार पाठवली : मुख्यमंत्र्यांनी राजीनामा द्यावा आणि चौकशी व्हावी. काँग्रेस सरकारांच्या गोळीबारांचा आपण निषेध करत आलो, तर तोच नियम आपल्या सरकारलाही लागू केला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. एका सरकारपुरती ही मागणी अव्यवहार्य होती, हे खरे. पण एकदा ती बाजूला सारली की पक्षाचे वेगळेपण नेमके कशात, याचे उत्तर पक्षापाशी उरत नव्हते. पक्षाने राजीनाम्याची मागणी फेटाळली, लोहियांनी सरचिटणीसपद सोडले, आणि नोव्हेंबर १९५४ च्या नागपूर अधिवेशनात बहुमत सरकारच्या बाजूनेच गेले. पुढच्या फेब्रुवारीत ते सरकार तसेही पडले.

प्रत्यक्ष फूट. जानेवारी १९५५ मध्ये काँग्रेसने आवडी येथे ‘समाजवादी धर्तीच्या समाजरचने’चा ठराव केला. त्याचे स्वागत करणाऱ्या अशोक मेहतांवर पक्षाचेच मधू लिमये यांनी उघड टीका केली, म्हणून मुंबई शाखेने लिमयेंना निलंबित केले. उत्तर प्रदेश शाखेने मात्र त्यांनाच आपल्या संमेलनाला बोलावले. राष्ट्रीय कार्यकारिणीने त्या शाखेवर कारवाई केली, लोहिया तिच्या बाजूने उभे राहिले आणि वर्ष संपण्याआधी त्यांनाही पक्षाबाहेर व्हावे लागले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यातला हृद्य भाग गोव्यात घडला. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि जुलैमध्ये मधू लिमये सत्याग्रही तुकड्या घेऊन गोव्यात शिरले. दोघांनाही पोर्तुगीजांनी मारहाण केली आणि दीर्घ शिक्षा ठोठावल्या. ज्यांच्या निलंबनावरून ठिणगी पडली ते लिमये हैदराबादला नवा पक्ष स्थापन होताना गोव्यात बंदिवान होते. गोरे प्रजा समाजवादी पक्षातच राहिले होते, आणि तेही तिथेच बंदिवान होते. बाहेर पक्षाचे दोन तुकडे झाले असताना दोन्ही बाजूंची माणसे एकाच शत्रूच्या कैदेत दिवस काढत होती. एस. एम. जोशीही जुन्या पक्षातच थांबले आणि लवकरच संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामात बुडून गेले. त्यामुळे महाराष्ट्रात लोहियांचा पक्ष कधी मोठा झाला नाही. त्याचा खरा जोर उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये होता.

विचार आणि कार्यपद्धती. मतपेटी, फावडा आणि तुरुंग ही पक्षाची त्रिसूत्री : निवडणूक, रचनात्मक काम आणि सविनय कायदेभंग. पक्षाचे कार्यालय हैदराबादला होते आणि ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी नियतकालिक १९५६ पासून तिथूनच निघू लागले. इंग्रजीचे वर्चस्व हटवणे, गाव-जिल्हा-प्रांत-केंद्र अशी चौखंबा राज्यरचना, छोटी यंत्रे, आणि मागास जाती, दलित, आदिवासी व स्त्रिया यांना मिळून साठ टक्के संधी, हे कार्यक्रम पक्षाने मांडले. जातीचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नात आपोआप विरघळेल, ही तेव्हाच्या डाव्यांची समजूत लोहियांनी नाकारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचा पत्रव्यवहार डिसेंबर १९५५ मध्येच सुरू झाला. पुढे सहकार्याची बोलणीही निघाली, पण ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले आणि ती शक्यता संपली. भारतीय राजकारणाने गमावलेल्या संधींत तिची गणना व्हायला हवी.

निवडणुका आणि विलीनीकरण. १९५७ मध्ये लोहिया स्वतः चंदौलीतून हरले. १९६२ मध्ये पक्षाला लोकसभेच्या ६ जागा मिळाल्या, तर प्रजा समाजवादी पक्षाला १२. १९६३ च्या पोटनिवडणुकीत लोहिया फर्रुखाबादहून निवडून आले. १९६४ साली दोन्ही पक्ष एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला. काही महिन्यांतच, जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनात, प्रजा समाजवाद्यांचा एक मोठा गट पुन्हा वेगळा झाला. एस. एम. जोशी या वेळी लोहियांसोबत संयुक्त समाजवादी पक्षात राहिले आणि त्याचे अध्यक्ष झाले.